मूळचा कुठला रं तू?

परवा माधवनगरात चहाच्या गाड्यावर दहावीतला एक पोरगा भेटला. वडील बंगाली कारागीर, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोन्याचं काम करतात. मी सवयीनं विचारलं, "मूळचा कुठला रं तू?"

"हितलाच की काका. जन्म हितला, शाळा हितली." मग आवाज कमी करून म्हणाला, "गावाकडनं ठाकुमाचा, म्हणजे आज्जीचा फोन आला की पप्पा म्हणतात, रस्त्यावर बांगला बोलू नको. लोक लगेच बांगलादेशी म्हणतात."

मला पुढं काय बोलावं सुचेना.

मंडळी, आपलं आणि बंगालचं नातं जुनं आहे. सुरुवात मात्र गोड नाही. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. १७५१ ला तह झाला, चौथाई ठरली. पण 'बर्गी', म्हणजे आपले बारगीर, तिथल्या अंगाईत कायमचे राहिले. आज जिथनं बरेच कारागीर येतात, तो मेदिनीपूर-हुगळीचा मुलूखही तेव्हा होरपळला होता.

त्याच बंगालातली दुसरी गोष्ट ऐका. सखाराम गणेश देउस्कर. घराणं मूळ कोकणातलं, जन्म १८६९ चा, देवघरजवळच्या करौं गावात. आज ते झारखंडात आहे, तेव्हा बंगाल प्रांतात होतं. घरची भाषा मराठी, लेखणी बंगाली. इंग्रजांनी देश कसा लुटला हे आकडेवारीनिशी सांगणारं त्यांचं 'देशेर कथा' १९०४ मध्ये आलं, स्वदेशी चळवळीत गाजलं. १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यांनी शिवाजी महाराजांवर बंगालीत पुस्तिका लिहिली, तिच्यासाठी रवींद्रनाथ टागोरांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता दिली. बर्गींना भ्यायलेल्या बंगालात महाराजांचं नाव पोचवायला बाहेरनं आलेल्या घरातलाच माणूस कामी आला. त्याला दोन्ही भाषा आपल्या होत्या, म्हणूनच ते जमलं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या विटा, खानापूर, आटपाडीची माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या धंद्यात देशभर गेली. सोनं-चांदी गाळता गाळता तिथंच संसार थाटले. त्यांची पोरं यात्रेला गावाकडं येतात, आज्जीशी तोडकंमोडकं मराठी बोलतात, आणि आपण कौतुकानं हसतो. उद्या त्या पोरांना तिथं कुणी म्हटलं, रस्त्यावर मराठी बोलू नका, तर आपल्याला चालेल का?

कुणाचे कागद खरे-खोटे हे बघायला कायदा आहे. नुसती भाषा ऐकून निकाल द्यायचं काम आपलं नव्हं. त्या पोरानं आज्जीशी मोठ्यानं बोलावं, एवढी मोकळीक आपल्या गावात असायलाच पाहिजे.

तुमच्या घरचं कुणी गलाईला बाहेर असेल, तर तिथं वाढलेल्या पोरांचं काय चाललंय, खाली जरूर लिहा.