अनसूयाबाई काळे आणि ‘उप’ची खुर्ची

 

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की सगळ्यांचे डोळे सरपंचपदाकडे लागतात. उपसरपंच कोण झालं, याची फारशी चर्चा होत नाही. त्यातून ती बाई असली, तर लोक सरळ म्हणतात, ‘नावापुरतं पद आहे, काय फरक पडते?’ खरंच फरक पडत नाही का? आज आपण आपल्याच भागातल्या एका जुन्या निवडीची गोष्ट ऐकू.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. आपला वऱ्हाड ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होता आणि कारभार नागपूरहून चालत होता. राज्य इंग्रजांचे होते. 1935 च्या कायद्याने प्रांतांना थोडा जास्त अधिकार मिळाला आणि 1937 च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. मत आजच्यासारखे सगळ्यांना नव्हते. जमीन, कर, शिक्षण असे काही असेल तरच मत. काही बायांना नवऱ्याच्या मिळकतीवर मत मिळाले. मजुरी करणारी, न शिकलेली बाई बहुतेक यादीबाहेरच राहिली.

आपल्या प्रांताच्या विधानसभेत 112 जागा होत्या. त्यातल्या बायांसाठी राखीव किती? फक्त 3. या सभेत नागपूरच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या, आणि सभेने त्यांना उपाध्यक्ष म्हणून निवडले. अध्यक्ष होते घनश्यामसिंह गुप्त.

अनसूयाबाई काही एकाएकी पुढे आलेल्या नव्हत्या. त्यांचा जन्म 1896 चा, शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. 1928 मध्ये सरकारने त्यांना प्रांताच्या कायदेमंडळावर नेमले होते. पण 1930 मध्ये गांधीजींचा सत्याग्रह सुरू झाला, सरकारने धरपकड केली, तेव्हा त्यांनी ती जागा सोडली आणि चळवळीत उतरल्या. म्हणजे पहिल्या वेळी सरकारने दिलेली खुर्ची त्यांनी स्वतःहून सोडली. दुसऱ्या वेळी मतदारांनी त्यांना सभेत पाठवले आणि सभासदांनी निवडून खुर्ची दिली. नेमणूक आणि निवडणूक यांतला फरक इथे नीट ध्यानात घ्या.

आता उपाध्यक्षाचे काम काय? कायदा साधा होता. अध्यक्ष हजर नसेल तर उपाध्यक्षाने सभा चालवायची. कोणी बोलायचे, कोणी थांबायचे, कोणता प्रश्न नियमात बसतो, हे त्या खुर्चीवरचा माणूस ठरवतो. एरवी त्याने मत द्यायचे नाही, पण दोन्ही बाजूंची मते सारखी पडली, तर निर्णायक मत त्याचेच. ज्या काळात घरातल्या बैठकीतसुद्धा बाईला बोलू देत नव्हते, त्या काळात बाईने ‘बसा’ म्हटले की वकील, जमीनदार, मालगुजार यांना खाली बसावे लागणार, असा हा नियम होता.

त्या वर्षी हे एकट्या नागपुरातच घडले असे नाही. मद्रासच्या विधानसभेत रुक्मिणी लक्ष्मीपती उपाध्यक्ष झाल्या. संयुक्त प्रांताच्या वरच्या सभागृहात बेगम कुदसिया एजाज रसूल उपसभापती झाल्या. पण एक गोष्ट आम्हाला खटकते. तिन्ही ठिकाणी बाईच्या वाट्याला ‘उप’च आले. मुख्य खुर्ची पुरुषाकडेच राहिली.

दूर अमेरिकेतही हीच वाट दिसते. तिथल्या बहुतेक राज्यांत राज्यपालाच्या खालोखाल उपराज्यपाल असतो आणि त्यालाही लोक मतदानाने निवडतात. पुष्कळ राज्यांत तो वरच्या सभागृहाची बैठक चालवतो आणि मते सारखी पडली तर आपले मत टाकतो. तिथल्या बायांना 1920 मध्ये देशभर मताचा हक्क मिळाला. तरी या पदावर निवडणुकीने पहिली बाई यायला 1954 साल उजाडले. व्हरमाँट नावाच्या लहानशा राज्यातल्या कॉन्सुएलो नॉर्थरॉप बेली, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वकीलबाई, उपराज्यपाल म्हणून निवडून आल्या. त्याच्या आधी त्या खालच्या सभागृहाच्या अध्यक्ष होत्या. सभा चालवायची सवय त्यांना तिथेच झाली होती.

अनसूयाबाईंची विधानसभा फार दिवस चालली नाही. 1939 मध्ये इंग्रजांनी भारताला न विचारता युद्धात ओढले, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि कारभार गव्हर्नरकडे गेला. पण बाई थांबल्या नाहीत. 1942 मध्ये चिमूर आणि आष्टीला उठाव झाला, तिथल्या लोकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून त्यांनी खूप धडपड केली. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवले.

आता जवळचा दाखला. अमरावतीने 1991 मध्ये प्रतिभाताई पाटील यांना लोकसभेवर निवडून दिले, हे आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. त्याआधी त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. 1987 मध्ये व्यंकटरामन उपराष्ट्रपतीचे राष्ट्रपती झाले आणि राज्यसभेच्या सभापतीची जागा रिकामी झाली. नवे सभापती येईपर्यंत तो भार प्रतिभाताईंनी वाहिला. पुढे 2007 मध्ये त्या स्वतः राष्ट्रपती झाल्या. मुंबईत विधान परिषदेतही 2022 पासून 2024 च्या अखेरपर्यंत सभापतीची जागा रिकामी होती. तेव्हा उपसभापती नीलमताई गोऱ्हे यांनीच सभागृह चालवले.

महाराष्ट्राच्या पंचायतींत आज निम्म्या जागा बायांना आहेत. उपसरपंचाला सदस्य निवडतात. सरपंच गैरहजर असेल तर मासिक सभा उपसरपंचाने चालवायची. सरपंचपद रिकामे झाले, तर नवा सरपंच येईपर्यंत कारभारही त्याच्याकडेच. तिथे नवरा, दीर किंवा मुलगा बसू शकत नाही. म्हणून ज्या गावात आपली सखी उपसरपंच आहे, तिथल्या गटाने एवढे करा. पुढच्या सभेची नोटीस आणि विषयांची यादी तिच्यासोबत बसून आधी वाचा. मागच्या सभेचे इतिवृत्त तिला वाचायला लावा. सरपंच आले नाहीत, तर त्या दिवशी खुर्चीवर तीच बसते की नाही, हे डोळ्यांनी पाहा. 112 जणांच्या सभेत अनसूयाबाईंना जो हक्क मिळाला, तोच आपल्या पंचायतीत तिचा आहे.