गाजरगवत आणि भूमिहीन : दोन अतिक्रमणांचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातील जमीन एकसारखी नाही. पैनगंगेच्या काठी काळी कसदार माती आहे, मालेगाव-मंगरूळपीरकडे मुरमाड माळ आहेत, मधूनमधून झुडपी जंगल आहे. परंतु शेताचा धुरा, पांदण, शाळेचे आवार, उकिरडा, माळ, कुठेही पाहा, गाजरगवत आहेच. इतक्या भिन्न जमिनींवर एकच वनस्पती कशी पसरली आणि तिचा भार कोणी उचलला, याचा विचार आपल्या चळवळीनेही केला पाहिजे.

पुण्यात १९५५ साली ही वनस्पती अभ्यासकांच्या नजरेस आली आणि १९५६ साली तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हातून तिचे बी आले, असे सर्रास सांगितले जाते. हा कायदा १९५४ चा; त्याखालचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे झाड कराराच्या आधीच दिसले होते. १९५१ साली अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिले होते. त्या धान्याबरोबर बी येणे शक्य आहे. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही हे नाव आढळते. तेव्हा सगळा दोष रेशनच्या गव्हावर टाकणे इतिहासाला धरून नाही. लोकांनी मात्र त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले. कोणी म्हणतो, पांढरी फुले टोपीसारखी दिसतात म्हणून. कोणी म्हणतो, ज्यांच्या राज्यात गहू आला त्यांचे नाव पडले. निरक्षर माणसाची राजकीय टीका अशी नावात उतरते.

बी आले एवढ्याने ते पसरत नाही. या झाडाला ठरावीक हंगाम लागत नाही; ओल मिळाली की ते उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते. एक झाड हजारो बारीक बिया टाकते. वारा, पुराचे पाणी, गाडीची चाके, जनावरांचे खूर, शेणखत आणि मुरूम यांतून त्या पुढे जातात. मुळांतून व पानांतून निघणारी द्रव्ये शेजारच्या रोपांना वाढू देत नाहीत. मेक्सिकोकडील त्याच्या मूळ प्रदेशात त्याला खाणारे किडे आहेत, इथे नव्हते. म्हणून १९८३ साली तिकडून एक भुंगेरा आणला आणि १९८४ साली बंगलोरला सोडला. पण त्याचा जोर पावसाळ्यापुरताच. आणि जिथे माती उकरली जाते व नंतर तिच्याकडे कोणी पाहत नाही, तिथे हे गवत हमखास माजते. रस्ता, कालवा, रेल्वे, अलीकडे समृद्धी महामार्ग, प्रत्येक खोदकामाने त्याला नवी वाट दिली.

आपल्या वऱ्हाडात गायरानाला ‘ई-क्लास’ म्हणतात. कास्तकाराजवळ कडबा असतो, बांधाचे गवत असते. भूमिहीनाच्या दोन शेळ्यांना ई-क्लासशिवाय दुसरे कुरण नाही. तिथलेच सरपण, तिथलेच शेण, पावसाळ्यात तिथलाच तरोटा भाजीला. गाजरगवत माजले की चारा जातो. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही आणि लावले तर दूध कडवट होते. तरोट्याची दाट वाढ या गवताला रोखते, हे आता कृषिशास्त्रही सांगते. पण गरिबाची भाजी म्हणून तरोट्याला किंमत नाही.

शेतातले गवत उपटले ते बायांच्या उघड्या हातांनी. या झाडाने त्वचारोग होतो, हे पुण्याच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात नोंदवले. माझी आई निंदणाला जायची. बोटांची सालपटे निघत. ‘गवताची खाज’ म्हणून ती खोबरेल लावी आणि सकाळी पुन्हा इळा घेऊन निघे. आज सोयाबीनवर तणनाशक फवारले जाते. बायांची खाज कमी झाली असेल, पण मजुरीही गेली. ई-क्लासवर मात्र कोणी फवारत नाही, कोणी निंदत नाही.

आता दुसरे अतिक्रमण. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह झाले; हजारोंनी तुरुंग भोगला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी कित्येकांच्या हाती सातबारा आला नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाटही ठेवली. नोटीस आली की हे वाक्य तहसीलदारापुढे वाचून दाखवणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

गाजरगवत परके म्हणून वाईट, असे मात्र आपण म्हणू नये. मिरची आणि भुईमूग अमेरिकेतून आले, सोयाबीन पूर्वेकडून. ते आपले झाले. मूळचा कोण आणि उपरा कोण, या वादात आपल्या माणसांनी पुष्कळ सोसले आहे. या गवताचा दोष इतकाच, की ते दुसऱ्याला उगवू देत नाही.

फुलोऱ्याआधी ई-क्लासवरचे गवत उपटण्याचे काम सरकारी मजुरीचे म्हणून काढावे आणि त्यासाठी हातमोजे द्यावेत, ही मागणी ग्रामसभेत मांडता येईल. पण खरा उपाय जुनाच आहे. ज्या माळावर भूमिहीनाने दगड वेचून तूर-ज्वारी पेरली, दरसाल निंदली, तिथे हे गवत माजत नाही. त्या माणसाला कागदोपत्री अतिक्रमणदार म्हणतात. गाजरगवताच्या नावाने आजवर एकही नोटीस निघालेली नाही.