हार्व्हिंग्टनच्या भिंतींआड

इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात, किडरमिन्स्टरजवळ, पाण्याच्या खंदकाने वेढलेला हार्व्हिंग्टन हॉल हा लाल विटांचा जुना वाडा आहे. मध्ययुगीन लाकडी सांगाड्याभोवती हम्फ्री पॅकिंग्टन यांनी १५८० च्या सुमारास विटांचे बांधकाम चढविले. डौलदार म्हणावा असा हा वाडा नव्हे. खोल्या, जिने, माळे एकमेकांत गुंतलेले. परंतु हा गुंताच तेथे उपयोगी पडला.

पॅकिंग्टन कॅथॉलिक होते. राजमान्य चर्चच्या उपासनेस न जाणाऱ्यास १५८१ पासून महिना २० पौंड दंड होता. १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्यच राजद्रोह ठरले. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. म्हणजे घरात मिस्सा करविणारे कुटुंब आपले प्राण पणाला लावीत होते. (आपले फादर थॉमस स्टीफन्स मूळचे विल्टशायरचे. ते १५७९ साली गोव्यास आले. मायदेशी परतते, तर हाच कायदा त्यांची वाट पाहत होता.)

हार्व्हिंग्टनमध्ये लपण्याच्या सात जागा आहेत. एके ठिकाणी जिन्याच्या पायऱ्या झाकणासारख्या वर उचलतात. एका खोलीतील शेकोटी खोटी आहे. तिच्या धुराड्यातून माळ्यावर चढता येते. सर्वांत चतुर ती ग्रंथालयातील जागा: भिंतीतला एक उभा लाकडी खांब वरच्या टोकावर फिरतो आणि मागे माणूस मावेल एवढी पोकळी उघडते. झडती घेणारे आतून-बाहेरून भिंती मोजीत, ठोकून पाहत. त्यांच्या हिशेबात न येणारी पोकळी निर्माण करणे, ही वास्तुकला कोणत्याही घुमटापेक्षा कमी प्रतीची नाही, असे मला वाटते.

यांतील उत्तम जागा येशूसंघीय बंधू निकोलस ओवेन यांच्या मानल्या जातात. ऑक्सफर्डच्या सुताराचे हे पुत्र ठेंगणे होते, एका पायाने लंगडत. दिवसा सर्वांदेखत साधे सुतारकाम आणि रात्री एकट्याने खरे काम, अशी त्यांची रीत. जानेवारी १६०६ मध्ये हिंडलिप येथील वाड्यात ते व एक सोबती चार दिवस दडून राहिले. दोघांत एकच सफरचंद होते. अखेर भुकेने बाहेर यावे लागले. लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून ते मरण पावले, पण एकाही जागेचा पत्ता त्यांनी सांगितला नाही. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद दिले.

हार्व्हिंग्टन हॉल १९२३ पासून बर्मिंगहॅम महाधर्मप्रांताकडे आहे. ग्रंथालयातील तो फिरता खांब मात्र जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला ठाऊकच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुले खेळत असता, तो हलला.