जेम्सटाउन

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीच्या काठी असलेले ऐतिहासिक स्थळ. उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेली पहिली इंग्रज वसाहत. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी ही तीन जहाजे मे १६०७ मध्ये येथे लागली आणि शंभरावर पुरुष व मुलगे उतरले. कंपनीचा कारभार पाहणारा सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. ताफ्याचा कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे याच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना १६१७ मध्ये जावातील बांतम येथे वारला. सुरतेच्या वखारीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला म्हणूनच जेम्सटाउन फारसे परके वाटू नये.

जहाजे काठालगत उभी करता येतील आणि स्पॅनिश हल्ल्यापासून बचाव होईल, एवढे पाहून जागा निवडली गेली. पिण्याचे पाणी मात्र मचूळ होते, भोवती दलदल होती, शिवाय त्याच वर्षांत तीव्र दुष्काळ पडला. हा मुलूख पाउहाटन लोकांचा. त्यांच्या मक्यावर वसाहत जगली. संबंध बिघडले तेव्हा तो मकाही तुटला. १६०९–१० च्या हिवाळ्यात सुमारे ३०० जणांपैकी ६०च्या आसपास उरले. २०१२ मध्ये एका तळघरातील कचऱ्यात चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. कपाळावर चार उथळ, बिचकत केलेले घाव आहेत. भुकेने माणसांनी मृतांचे मांस खाल्ले, याचा हा पुरावा. ती कवटी तेथील आर्किएरियम या संग्रहालयात आहे. ती पाहिल्याशिवाय परतू नये.

मूळ किल्ला नदीने गिळला, अशी दीर्घकाळ समजूत होती. पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी १९९४ मध्ये उत्खनन सुरू केले आणि ती खोटी ठरवली. लाकडी कुंपणाचे खांब केव्हाच कुजून गेले होते, पण ते जिथे रोवले होते तिथे मातीत काळपट डाग उरले होते. त्या डागांच्या रांगेवरून त्रिकोणी किल्ल्याची आखणी कळली. आज दिसणारे कुंपण त्याच रेषेवर नव्याने उभारलेले आहे. १६०८ च्या चर्चचे खांबखळगेही असेच सापडले. पाउहाटन प्रमुखाची मुलगी पोकाहाँटस आणि तंबाखूची लागवड रुजवणारा जॉन रॉल्फ यांचा विवाह १६१४ मध्ये या चर्चमध्ये झाला.

१६१९ हे वर्ष येथे सर्वांत महत्त्वाचे. ३० जुलैला नव्या चर्चमध्ये लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली. जेमतेम महिन्याने, ऑगस्टअखेर, नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्ट येथे गुलाम केलेल्या वीसेक आफ्रिकनांना घेऊन एक जहाज आले. ती जागा आज हॅम्प्टन शहरातील फोर्ट मन्रो म्हणून ओळखली जाते. १६२५ च्या गणतीत जेम्सटाउनच्या कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरी अँजेला नावाच्या आफ्रिकन स्त्रीची नोंद आहे. त्या घराच्या जागेवरही उत्खनन झाले आहे. सभेची जागा पाहणाऱ्याने तिथवर चालत जायलाच हवे. एक पाहून दुसरी टाळली तर वसाहतीचा इतिहास अर्धाच कळतो.

१६९९ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी येथून विल्यम्सबर्गला हलली आणि गाव ओस पडले. जमिनीवर सतराव्या शतकातला उरला तो चर्चचा विटांचा मनोरा, एवढाच.

प्रवाशांचा एक घोटाळा नेहमी होतो. १९५७ मध्ये उघडलेले ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ हे राज्य शासनाचे संग्रहालय जवळच आहे. तेथे जहाजांच्या आणि किल्ल्याच्या पूर्णाकृती प्रतिकृती आहेत. मुलांना ते फार आवडते. मात्र मूळ भूमी म्हणजे ‘हिस्टॉरिक जेम्सटाउन’. प्रिझर्व्हेशन व्हर्जिनिया ही संस्था आणि राष्ट्रीय उद्यान सेवा मिळून ती सांभाळतात. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर निःशंक मूळ भूमी निवडावी. येथून कलोनियल पार्कवे हा सुमारे ३७ किलोमीटरचा रस्ता विल्यम्सबर्गमार्गे यॉर्कटाउनला जातो.

हे स्थळ ज्या बेटावर आहे ते सखल आहे, पाण्याची पातळी वाढते आहे आणि वादळी पावसात उत्खननाच्या जागा पाण्याखाली जातात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्टने सर्वाधिक धोक्यातील अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जेम्सटाउनचा समावेश केला.