हरकी, गुन्हेगारी आणि एकाच वतनाचे अनेक निवाडे

मराठेशाहींतील न्यायपद्धतीविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. गोतसभा, मजलस, थळ, दिव्य, महजर हे शब्द आतां सामान्य वाचकासही परके राहिलेले नाहींत. परंतु निवाडा झाल्यावर त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडे, आणि तोच वाद एका थळाहून दुसऱ्या थळीं गेला म्हणजे खर्चाची वाटणी कशी होई, या प्रश्नाकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. याचें एक कारण संग्राहकांच्या संवयींत आहे. वतनदाराच्या घरचा रुमाल सोडावा, शिक्क्यामोर्तबाचें निवाडपत्र तेवढें उचलावें, आणि खालीं राहिलेल्या हरकीच्या यादी, मसाल्याच्या चिठ्या, खर्चाचे टिपणवजा बंद हे किरकोळ म्हणून बाजूस सारावे, असा आपणां सर्वांचा प्रघात आहे. आमच्या मतें हे किरकोळ कागदच पुष्कळदां निवाडपत्राची खरी कसोटी होत. तें कसें, हें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांविषयीं. वादांत जो खरा ठरे तो सरकारांत जें द्रव्य देई ती हरकी. जो खोटा ठरे त्याजकडून घेत ती गुन्हेगारी. हरकी शब्दाचा संबंध हर्षाशीं जोडतात, आणि वतन राहिल्याच्या आनंदाचें देणें या अर्थाशीं तो जुळतोही. हरकीच्या जागीं कित्येक कागदांत शेरणी असा शब्द येतो. तो फारशी आहे. मूळ अर्थ मिठाई. खेरीज तिसरी एक बाब आहे, ती मसाला. ज्यास हुजूर किंवा थळीं हजर होण्याचें बोलावणें जाई, त्याजपासून बोलावणें घेऊन जाणाऱ्या प्याद्याच्या मेहनतान्यादाखल जी रक्कम घेत, ती ही. निवाडा कोणाकडून होवो, मसाला आधींच द्यावा लागे. म्हणून तो निवाडपत्रांत सांपडत नाहीं, निराळ्या चिठीवर सांपडतो.

एल्फिन्स्टनसाहेबानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ त जो अहवाल लिहिला, त्यांत या दोन्ही देण्यांचा उल्लेख आहे. जिंकणाऱ्यानेंही सरकारास पैसा द्यावा हें परकीय वाचकांस चमत्कारिक वाटलें, आणि मराठी राज्यांत न्याय विकला जात असे असा समज त्यावरून रूढ झाला. त्याला उत्तर देतांना आपल्याकडील कांहीं अभिमानी लेखकांनीं हरकी म्हणजे केवळ खुषीची भेट, असें म्हणून विषय मिटविला. दोन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात. लांच गुप्तपणें दिली जाते. हरकी उघड दिली जाई, तिची रक्कम कागदावर चढे, आणि ती सरकारी हिशेबांत जमा पडे. लांच निवाड्याच्या आधीं द्यावयाची, ही निवाड्यानंतर. तेव्हां ती लांच नव्हे. पण जिच्या वसुलीचा तगादा लागतो आणि जी हप्त्यांनीं फेडावी लागते, तिला खुषीची भेट म्हणणें हेंही धाडसाचें आहे.

या चालीचें मूळ यावनी अमलांत शोधण्याचें कारण नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, राजानें ऋण वसूल करून दिलें असतां ऋणकोकडून शेंकडा दहा आणि ज्याचें द्रव्य त्यास मिळालें त्या धनकोकडून शेंकडा पांच घ्यावे, असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे हरणारा व जिंकणारा दोघेही राजास देणें लागतात, आणि हरणारा दुप्पट देतो. हरकी व गुन्हेगारी यांची जोडी याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, स्मृतींत प्रमाण बांधलेलें आहे, आणि आपल्या कागदांत रक्कम वतनाचा आकार व देणाऱ्याची ऐपत पाहून ठरविलेली दिसते. कौटिल्याचें सांगणें मात्र दुसऱ्या जातीचें आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या आरंभींच दंडाहून वेगळ्या अशा दोन बाबी दिल्या आहेत: पुरुषांची भृति म्हणून अष्टमांश, आणि वाटेंतील अन्नखर्च महागाई-स्वस्ताईप्रमाणें. या दोन्ही हरणाऱ्यानें द्याव्या असें तो म्हणतो. येथील पुरुष म्हणजे साक्षीदार कीं राजपुरुष, याविषयीं मतभेद आहे. परंतु दंड निराळा आणि खर्च निराळा हा विवेक त्यानें केला आहे यांत संशय नाहीं.

हाच विवेक मराठी कागदांत पुसट झालेला दिसतो. हरकी सरकारांत जाते, गुन्हेगारीही सरकारांतच जाते. एका वादीकडून निघून दुसऱ्याच्या पदरीं त्यांतलें कांहीं पडत नाहीं. आज आपणांस परिचित असलेली रीत याच्या उलट आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या ३५ व्या कलमाप्रमाणें खर्च सामान्यतः निकालामागोमाग जातो, म्हणजे हरणाऱ्यानें तो जिंकणाऱ्यास द्यावयाचा. तसें न करावयाचें तर न्यायाधीशास कारण लिहावें लागतें. वरच्या कोर्टानें निकाल फिरविला तर खालच्या कोर्टांतील खर्चाचाही हुकूम फिरवितां येतो. एका मूळ वादांतून निघालेल्या सर्व प्रकरणांचा खर्च शेवटीं एकाच्या माथीं बसूं शकतो तो यामुळें. ही कल्पना मनांत धरून जुने कागद वाचूं लागलें कीं घोटाळा होतो. गुन्हेगारीची रक्कम पाहून ती प्रतिपक्षास मिळाली असा अर्थ करणारे लेख आमच्या वाचण्यांत आले आहेत. तो अर्थ टाकून दिला पाहिजे.

आतां मुख्य मुद्दा. वतनाचा वाद एका बैठकींत क्वचितच संपे. गांवच्या गोतानें निवाडा करावा, तो एका पक्षास मान्य होऊं नये, त्यानें गोतावर पक्षपाताचा आरोप करून दुसरें थळ मागावें, असा क्रम सर्वत्र आढळतो. मसूरच्या पाटिलकीचा जगदळे व बापाजी मुसलमान यांचा वाद अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. हा इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतला, म्हणजे १६२७ च्या पूर्वींचा. जवळच्या गोतांत आपणांस न्याय मिळणार नाहीं असें बापाजीचें म्हणणें पडलें, आणि वाद पैठणास गेला. तेथेंही निवाडा जगदळ्यांच्याच बाजूनें झाला. या वादाची चर्चा करणारे बहुधा बादशहाच्या निःपक्षपाताकडे किंवा पैठणच्या सभेच्या थोरवीकडे लक्ष वेधतात, आणि तें योग्यच आहे. पण नकाशा उघडून पाहावा. मसुराहून पैठण सरळ रेषेनेंही दीडशें मैलांवर आहे. अग्रवादी, पश्चिमवादी, त्यांचे जामीन, साक्षीस नेलेले बलुते व शेजारगांवचे पाटील, यांनीं ही वाट चालावयाची, सभा बसेपर्यंत परगांवीं राहावयाचें, आणि तितकीच वाट परत यावयाची. दुसरें थळ मागणें हा प्रत्येकाचा हक्क होता. परंतु तो बजावण्याची किंमत प्रतिपक्षासही मोजावी लागे, आणि तो पुन्हां जिंकला तरी वाटखर्चाची भरपाई हरकी-गुन्हेगारीच्या या व्यवस्थेंत बसत नव्हती.

मग निष्कारण वाद वाढविणाऱ्यास आळा कशाचा? शास्त्रांत उत्तर आहे. न्यायानें हरला असूनही जो आपण हरलों नाहीं असें मानून पुन्हां वाद आणतो, त्यास पुन्हां जिंकून दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. उलट, पहिला निवाडाच चुकीचा होता असें आढळलें तर सभ्य आणि जिंकलेला पक्ष या दोघांनाही दुप्पट दंड सांगितला आहे. ही दुसरी तरतूद आम्हांस फार मार्मिक वाटते. खोटा जय मिळविणें हेंही महागांत पडावें असा तिचा आशय आहे. मराठी कागदांत दुप्पटीचा हिशेब येत नाहीं. त्या जागीं यजितपत्र येतें. हरलेला वादी आपला दावा खोटा पडल्याचें लिहून देतो, आणि आपण किंवा आपल्या वंशींच्या कोणी पुन्हां कथळा केला तर दिवाणचा गुन्हेगार व गोताचा अन्यायी, असें स्वतःस बांधून घेतो. हीं अक्षरें आपण सरावानें वाचून जातों. त्यांत दोन निरनिराळ्या शिक्षा आहेत. दिवाणचा गुन्हेगार म्हणजे सरकारास पुन्हां गुन्हेगारी देणें. गोताचा अन्यायी म्हणजे पंक्ति, सोयरीक, मानपान यांतून उठणें. पहिलीची झळ श्रीमंत वादी सोसूं शकला असता. दुसरीची किंमत रुपयांत होत नाहीं, आणि वाद थांबविण्यास तीच अधिक उपयोगी पडली असावी असें आमचें अनुमान आहे.

तरीही वाद थांबत नसत, हें रुमालच सांगतात. आणि येथें खर्चाचा परिणाम वतनाच्या स्वरूपावरच झालेला दिसतो. जवळ रोकड नाहीं, थळास जाणें प्राप्त, हरकी दिल्यावांचून हातीं पत्र पडत नाहीं, अशा पेंचांत सांपडलेला पाटील एखाद्या ऐपतदार गृहस्थास भाऊ करून घेतो, आणि त्यानें भांडण्यास पैसा पुरविला म्हणून निमें वतन त्यास लिहून देतो. अशीं भाऊपणाचीं पत्रें राजवाड्यांच्या खंडांतून व शिवचरित्र साहित्याच्या मालेंतून पुष्कळ छापलीं गेलीं आहेत. खरेदीपत्र किंवा वंशावळीचें साधन म्हणून त्यांचा उपयोग करतात. वादखर्चाचें साधन म्हणून तीं वाचलींच जात नाहींत. ज्या वतनासाठीं दोन पिढ्या भांडल्या त्यांतलें अर्धें जिंकतां जिंकतांच दुसऱ्याच्या घरांत गेलें, आणि पुढें त्या दोन भावांचा वडीलपणाविषयीं, म्हणजे पहिला विडा, पहिला टिळा, नांगराची निशाणी कोणाची याविषयीं, नवा वाद उभा राहिला, असा क्रम ज्यास लावतां येईल त्यास एका गांवचा शंभर वर्षांचा इतिहास हातीं आल्यासारखें होईल.

आतां कसोटीविषयीं. हरकी व गुन्हेगारी सरकारांत जमा होत असल्यामुळें प्रत्येक निवाड्याची दोन ठिकाणीं खूण राहते: वादीच्या घरीं निवाडपत्र, आणि दप्तराच्या हिशेबांत रक्कम. घरचें पत्र बनावट करतां येतें. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाल्यावर जुने कागद हजर करण्याची निकड लागली, आणि अशा निकडीच्या काळांत नवे जुने कागद जन्मास येतात हें संग्राहकांस सांगणें नको. परंतु घरीं बसून बनावट करणाऱ्यास सरकारी हिशेबांतली जमेची रक्कम बनवितां येत नाहीं. म्हणून निवाडपत्र संशयित वाटलें कीं त्या सालच्या हिशेबांत हरकी शोधावी. एकाच वतनाबद्दल दोन निरनिराळ्या सालीं दोन निरनिराळ्या पक्षांच्या नांवें हरकी जमा आढळली, तर मधल्या काळांत निवाडा फिरला असें समजावें, मग घरचें पत्र कांहींही सांगो.

हा शोध करतांना एका गोष्टीस जपावें. निवाडपत्रावर बहुधा शक असतो आणि तो चैत्रांत पालटतो. हिशेब सुहूर सनाचे, आणि तें सन मृगाच्या सुमारास पालटतें. चैत्र-वैशाखांत झालेल्या निवाड्याची हरकी मृगाच्या आंत भरली गेली नाहीं, तर ती पुढल्या सुहूर सनांत पडते. हप्ते बांधून दिले असतील तर दोन-तीन सनांत विखुरते. म्हणून एकाच सालचा बंद चाळून हरकी आढळत नाहीं, सबब निवाडपत्र खोटें, असा निर्णय करूं नये. नादारीमुळें गुन्हेगारी माफ झाल्याचे दाखलेही आहेत. म्हणजे गुन्हेगारीची रक्कम नसणें हा हरलाच नाहीं याचा पुरावा होत नाहीं. हरकीची रक्कम असणें हा मात्र जिंकल्याचा भक्कम पुरावा आहे.

परगणा व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि मुलकी पाटिलक्या १९६२ च्या कायद्यानें संपल्या. तेव्हांपासून या कागदांस कचेरींत किंमत उरली नाहीं, आणि घरोघरचे रुमाल रद्दींत जाऊं लागले. जे वांचतात तेही विकत घेणाऱ्याच्या हातीं फुटतात: शिक्क्याचें पत्र एकाकडे, मोडी टिपणें दुसऱ्याकडे, आणि चिठ्या केरांत. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, रुमाल घेतला तर सबंध घ्यावा, आणि ज्या क्रमानें बंद गुंडाळलेले असतील तो क्रम लिहून ठेवल्यावांचून ते सुटे करूं नयेत. हरकीची याद निवाडपत्राच्या पोटांत गुंडाळलेली होती कीं वेगळ्या थळच्या महजराच्या पोटांत, एवढ्यावरून ती कोणत्या निवाड्याची हें ठरतें. पुष्कळ यादींवर रक्कम व नांव याखेरीज दुसरें कांहींच लिहिलेलें नसतें.