पटावरचा आणि पटाबाहेरचा डाव

(नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. इतिहासावर बोलायला उभा राहिलो की इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडते. तरीही आज जे सांगायचं आहे ते इतिहासातलंच आहे, आणि त्यातला थोडा भाग मी स्वतः पाहिलेला आहे. विषय असा : मतभेद कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो?

सुरुवात बुद्धिबळापासून करतो.

१९७८ साली मी तीस-एकतीस वर्षांचा होतो, नुकताच कायम झालेला. वजिराबादेत एका वकीलसाहेबांच्या ओसरीवर संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. वजिराबादेत वजीर मारायला जमतो, असा आमचा एक जुनाट विनोद होता. सात-आठ जण असायचे. वकीलसाहेब, एक कापडाचे व्यापारी, तहसिलीतले एक कारकून, मी, आणि एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. गुरुजी दलित समाजातले. आमच्यात सर्वात चांगलं तेच खेळायचे. घोड्यांची जोडी हातात असली की त्यांना हरवणं मुश्कील. ना वर्गणी, ना घटना, ना पदाधिकारी. पट होता, चहा होता आणि गप्पा होत्या.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. पुढे काय झालं ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. मराठवाडाभर दंगली उसळल्या. दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं गाव सोडून पळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. प्रश्न सोळा वर्षं रेंगाळला. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी इथे नांदेडातच आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला मिळालं.

आता ओसरीवर परत येऊ. ठराव झाल्यावर तिथेही वाद सुरू झाला. वकीलसाहेबांचा नामांतराला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं, की १९५८ साली मिळालेलं हे विद्यापीठ मराठवाड्याची ओळख आहे, ते नाव पुसू नका. गुरुजी म्हणायचे, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून आमच्या पोरांना शिकायची वाट बाबासाहेबांनी दाखवली, मग त्यांच्या नावाने ओळख पुसते कशी? हा वाद मी पाचसहा संध्याकाळी ऐकला. आवाज चढायचे, पण पट हलायचा नाही.

नंतर हळूहळू काहीतरी बदललं. कोणीतरी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, आता या हत्तीचंही नाव बदलायचं का?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी उंटाचं झालं, तिसऱ्या दिवशी प्याद्याचं. त्यांची चाल आली की हा विनोद ठरलेला. चहा यायचा तेव्हा एक कप कमी यायचा, आणि कमी पडायचा तो नेमका त्यांनाच. मग त्यांच्या दाराखालून निनावी चिठ्ठ्या सरकू लागल्या. त्या कोणी टाकल्या ते मला आजही माहीत नाही. ऑगस्ट संपायच्या आत गुरुजी यायचे बंद झाले. त्यांचा माझ्याशी अर्धा राहिलेला डाव दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सोंगट्या डबीत भरल्या.

लक्षात घ्या, त्यांना कोणीही 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. आमच्या छोट्या मंडळात माणूस असाच जातो. त्याला कोणी काढत नाही. बसणं अवघड करून ठेवलं जातं, मग तो आपला आपण उठतो, आणि बाकीचे म्हणतात, "हल्ली येत नाहीत बुवा."

यात भाषणस्वातंत्र्य कोणाचं होतं? हत्तीच्या विनोदाचंही स्वातंत्र्य असतंच, असं कोणी म्हणेल. हा प्रश्न सोपा नाही. इथे आपल्या न्यायदर्शनाची मदत होते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधायला, प्रमाण आणि तर्क घेऊन, पक्ष आणि प्रतिपक्ष मांडायचा तो वाद. काहीही करून जिंकायचंच, मग शब्दांचा छळ करावा लागला तरी हरकत नाही, तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथलाच.

पण या तिन्हीत एक गोष्ट समान आहे बरं का. तिन्हीत समोरचा माणूस समोर बसलेला लागतो. वितंडा करणाऱ्यालासुद्धा खोडायला कोणीतरी हवं असतं. ज्या बोलण्याचा हेतूच समोरचा उठून जावा हा आहे, त्याला न्यायशास्त्रात जागाच नाही. मी छळ म्हणतो तो हाच. मताला उत्तर दिलं तर तो मतभेद, मग ते उत्तर कितीही तिखट असो. माणसाचं बसणं अशक्य केलं तर तो छळ, मग तो विनोदाच्या रूपात का असेना.

बुद्धिबळातलंच दुसरं उदाहरण देतो, ते सर्वज्ञात आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७६ साली रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरल्या. वय तेरा. मुलीने पुरुषांच्या पटावर बसावं का, यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. 'पोरीला खेळ येत नाही' असं कोणाचं मत असेल तर त्याची परीक्षा पटावर होते. 'पोरीने इथे बसूच नये' याची परीक्षा पटावर होऊ शकत नाही, कारण पटच नाकारलेला असतो. तिथे निदान दाद मागायला वरचा दरवाजा होता. आमच्या ओसरीला असा दरवाजा नव्हता. जगातली बहुतेक मंडळं ओसरीसारखीच असतात.

बोलण्यावरच्या बंदीशी आपल्या भागाची ओळख जुनी आहे. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. त्या फर्मानाला आमचे वडील 'गश्ती निशान त्रेपन्न' म्हणत. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्यामुळे सरकारने तोंड बंद केलं की ते आपल्याला पटकन कळतं. शेजाऱ्याने केलं तर कळत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'त हाच इशारा दिला होता. समाजाचा जुलूम सरकारी जुलमापेक्षा जड असू शकतो, कारण त्यातून सुटायच्या वाटा कमी असतात.

आता लातूरला जाऊ. हे प्रकरण देशभराच्या कायद्याच्या पुस्तकांत गेलं, पण आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी झाली.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं 'बुलेटिन' नावाचं एक नियतकालिक होतं, फक्त सभासदांपुरतं. देविदास तुळजापूरकर त्याचे संपादक-प्रकाशक. जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात त्यांनी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली. कवितेत गांधीजी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांच्या बोलीत भेटतात, आणि ती भाषा सभ्य नाही. काही सभासदांना ती खटकली. त्यांनी तसं सांगितलं. संपादकांनी पुढच्या अंकात बिनशर्त माफी मागितली. माझ्या दृष्टीने एका मंडळाने आपला मतभेद आपल्या घरात कसा सोडवावा याचा हा नमुना होता. माफी मागायला हवी होती की नाही, यावर तुमचं-माझं वेगळं मत असू शकेल. पण छापणारा, चिडणारा आणि वाचणारा, तिघंही एकाच पटावर बसलेले राहिले.

त्यानंतर बाहेरचा हात आला. पुण्यातल्या, पतित पावन संघटनेच्या एका कार्यकर्त्याने तिथल्या पोलीस आयुक्तांकडे तक्रार केली. ती लातूरला वर्ग झाली आणि गुन्हा नोंदवला गेला गांधी चौक पोलीस ठाण्यात! योगायोग पाहा. कलमं लागली १५३अ, १५३ब आणि २९२. म्हणजे समाजात वैर पसरवणं, राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणणं आणि अश्लीलता. मे २००१ मध्ये लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिली दोन कलमं काढून टाकली, अश्लीलतेचं ठेवलं. पुढे सत्र न्यायालय, मग औरंगाबाद खंडपीठ, मग सर्वोच्च न्यायालय. फली नरिमन यांना न्यायालयाने मदतीला बोलावलं. १४ मे २०१५ ला न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांनी निकाल दिला. प्रकाशक आणि मुद्रक सुटले. कारण काय, तर खटला सुरू होण्याआधीच माफी मागितलेली होती, आणि दोन दशकं उलटून गेली होती. कवीवरचा आरोप मात्र कायम राहिला. ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं.

न्यायालयाचा आदर राखून मी माझा मतभेद नोंदवतो. कसोटी शब्दाची असावी. ती व्यक्तीच्या थोरवीप्रमाणे बदलू लागली, तर थोर कोण हे कोणीतरी ठरवणार, आणि ती यादी लांबतच जाणार. मला ती कविता पूर्ण आवडते असं नाही. काही ओळींवर मीही थबकलो. पण गांधीजींना १९२२ साली अहमदाबादेत स्वतःच्या लेखांसाठीच सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे विसरून त्यांच्या सन्मानासाठी कवीला कोर्टात उभं करणं मला विसंगत वाटतं.

त्याहून मोठा मुद्दा वेळेचा आहे. १९९४ ते २०१५, एकवीस वर्षं. शिक्षा कोणालाच झाली नव्हती, पण तारखा होत्या, वकील होते, प्रवास होते. सभासदांनी जे एका अंकात मिटवलं, ते मिटवायला व्यवस्थेला दोन दशकं पुरली नाहीत. फिर्याद करण्याचा हक्क सर्वांना आहे, तो असायलाच हवा. पण ज्यांच्यासाठी छापलं त्यांचं आपसात मिटलेलं असताना तिऱ्हाइताने केलेली फिर्याद हाही माणसाला उठवण्याचा एक मार्ग होऊ शकतो. आमच्या ओसरीवर ते काम विनोदाने झालं, लातूरला ते कायद्याच्या कलमांनी झालं असतं. तुळजापूरकर उठले नाहीत, शेवटपर्यंत लढले, हा त्यांचा चिवटपणा.

मग मंडळाने करायचं काय? तरुण मित्र मला म्हणतात, सर, नियम सांगा. नियम मी एकच सांगतो. तुमच्या क्लबात, संघटनेत, वाचनालयात, कोणी नकोसं बोललं तर आधी त्याचा पूर्वपक्ष त्याच्याच तोंडावर, त्याला मान्य होईल असा मांडून दाखवा. आपल्या शास्त्रकारांची ती शिस्त होती. ते जमलं की मग हवं तेवढं झोडा. आणि कोणी यायचा बंद झाला, तर 'हल्ली येत नाहीत' म्हणून गप्प बसू नका. त्याच्या घरी जा.

मी गेलो नव्हतो. म्हणूनच आज बोलतो आहे.

१९९४ च्या उन्हाळ्यात गुरुजी मला बसस्टँडवर भेटले. निवृत्तीला आले होते. नामविस्तार होऊन काही महिने झाले होते. मी म्हटलं, "गुरुजी, त्या वकीलसाहेबांनी तुम्हाला फार त्रास दिला." ते म्हणाले, "नाही सर. वकीलसाहेब विरोधात होते, पण ते माझ्याशी भांडायचे. माझं ऐकून घेऊन भांडायचे. त्यांच्यासाठी मी येतच राहिलो असतो." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही तर नामांतराच्या बाजूचे होता ना? हत्तीच्या विनोदाला तुम्हीही हसलात."

मला उत्तर देता आलं नाही. त्यांची गाडी लागली, ते गेले.

मित्रहो, मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना वाद, जल्प, वितंडा शिकवलं. हसणं यातल्या कशात बसतं, हे मात्र मला एका प्राथमिक शिक्षकाने बसस्टँडवर शिकवलं.

आपण शांतपणे ऐकलंत. आता प्रश्न विचारा. विरोधातले प्रश्न आधी घेऊ.