रुपयाला एक आणा

आमच्या घरात जुने कागद फारसे नाहीत. रेशनकार्ड, वडिलांचा गिरणीतला हजेरीचा पास आणि आईची एक शंभर पानी वही, एवढेच. वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे ती १९७९ च्या लक्ष्मीपूजनाची. व्यापारी त्या दिवशी चोपडीपूजन करतात. आईने त्याच मुहूर्तावर आमचे कर्ज लिहून काढले होते. चार ओळी, चार आकडे आणि प्रत्येकासमोर व्याज. सावकार १८००, रुपयाला पाच पैसे. पतपेढी १०००, शेकडा एक. वाणी ३४०, व्याजाच्या जागी नुसती रेघ. मावशी ५००, तिथेही रेघ. व्याज सगळे महिन्याचे.

ही वही माझ्या हाती आली ती आई गेल्यावर. तोपर्यंत मी गिरणगावाच्या इतिहासाचे जमेल तसे वाचन करत होतो. माझे इंग्रजी रात्रशाळेतले, त्यामुळे सरकारी अहवालाचे एक पान वाचायला एक संध्याकाळ जाई. पण वही हातात आल्यावर ते अहवाल पुन्हा काढले आणि वेगळे वाचले. त्याआधी माझे मत ठाम होते. वडील खर्चिक होते, म्हणून आम्ही कर्जात होतो. हे मत मी त्यांना एकदा तोंडावर ऐकवलेही होते. ते काही बोलले नाहीत.

मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस सुरू केले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. एकट्या राहणाऱ्या कामगारांचे वेगळे. अहवाल १९२३ साली छापला गेला. चाळीत, खोलीच्या दारात बसून तपासनीसाने विचारायचे, ज्वारी किती, तांदूळ किती, रॉकेल किती, भाडे किती, देणे किती. अशी माहिती आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच कुणी जमवली असेल. कुटुंबाची सरासरी मिळकत महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास निघाली. खर्चात अन्न ५६.८ टक्के, सरपण आणि दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, भाडे ७.७ आणि बाकीचे सगळे १८.५. या कुटुंबांपैकी ९७ टक्के एका खोलीत राहत होती. अहवालातले एक निरीक्षण पुढे फार गाजले. मुंबईचा कामगार धान्य खातो ते दुष्काळी कामांच्या नियमावलीने घातलेल्या कमाल मर्यादेइतके, पण मुंबईच्या तुरुंगांसाठी ठरवलेल्या आहारापेक्षा कमी.

मी मात्र अडखळलो ते दुसऱ्या आकड्यावर. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे होते. व्याजाचा सर्रास दर होता रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५.

अहवालातल्या सरासऱ्या एकत्र करून मी कागदावर एक ढोबळ हिशेब मांडला. काटेकोर अभ्यासकांना तो चालणार नाही, पण घरातल्या माणसाला पटेल. मिळकत ५२ धरा. अडीच महिन्यांचे कर्ज झाले १३० रुपये. रुपयाला आणा म्हणजे महिन्याला १३० आणे व्याज, आठ रुपये दोन आणे. त्याच कुटुंबाचे खोलीभाडे होते चार रुपयांच्या घरात. म्हणजे डोक्यावरच्या छपराच्या दुप्पट पैसा डोक्यावरच्या कर्जाला. मुद्दल तसेच ठेवून नुसते व्याज भरत राहिले तर सोळा महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम सावकाराकडे जाते आणि कर्ज होते तेवढेच उरते.

आता समजा घरातल्या बाईने खर्चाला कात्री लावून महिन्याला दहा रुपये बाजूला काढले. आण्याच्या व्याजाने १३० रुपये फिटायला जवळजवळ अठ्ठावीस महिने लागतात. तेच कर्ज रुपयाला एक पैसा व्याजाचे असते (तेव्हा आण्याचे चार पैसे), तर तेच दहा रुपये पंधरा महिन्यांत काम उरकतात. काटकसर तीच, बाई तीच, पण जवळजवळ तेरा महिन्यांचा फरक.

पण हे कर्ज मुळात होतेच का? दारू, लग्ने, सणवार ही उत्तरे साहेबांच्या आणि सुधारकांच्या तोंडी तयार असत. ती सगळीच खोटी नव्हती. तरी त्याहून जुना एक पुरावा आपल्याच भागातला आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्या आयोगानेच म्हटले की, लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, कर्जाची सुरुवात त्यातून क्वचितच होते. जोतीरावांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हा आरोप उलटवला होता. पन्नास वर्षांनी तोच आरोप त्याच शेतकऱ्याच्या गिरणीत आलेल्या नातवावर झाला.

गिरणीत कर्ज जन्माला कसे येई, हे पगाराच्या रिवाजावरून कळते. पगार महिन्याचा आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. कोकणातून किंवा घाटावरून नवा आलेला गडी कामाला लागला की पहिला पैसा हातात पडायला त्याला सहा आठवडे लागत. तोवर खायचे काय? खानावळवालीकडे उधार, वाण्याकडे उधार आणि नोकरी लावून दिली म्हणून जॉबरला दस्तुरी, तीही उधारीने. जॉबर पुष्कळदा स्वतःच व्याजाने पैसे लावी. म्हणजे ताडीचा पहिला घोट घ्यायच्या आधी आणि पोरीचे लग्न ठरायच्या कितीतरी आधी माणूस दीड महिन्याच्या देण्यात असे. उधारीवर घेतलेला माल रोखीपेक्षा महाग आणि मापाबद्दल बोलायची सोय नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सगळ्यांच्या आठवणीत आहे, कारण तो दिसायचा. वाण्याची चोपडी दिसत नसे. (एका जातीच्या माणसावर सगळे पाप लोटण्याची सोयही त्यात होती. रक्कम लावणारे आपलेही पुष्कळ होते.)

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालचा मजूर आयोग १९२९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९३१ साली आला. त्याने हे सगळे देशभर पाहिले. बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन तृतीयांश कामगार कर्जात होते आणि रुपयाला आणा हाच दर पुन्हा दिसला. त्यानंतरचे कायदे मी क्रमाने वाचले तेव्हा प्रथमच वाटले की कुणीतरी कर्जाच्या मुळाशी हात घातला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मोठ्या कारखान्यात दहाव्या आणि लहान कारखान्यात सातव्या दिवसाच्या आत पगार देणे बंधनकारक केले आणि दंड कापण्यावर मर्यादा आली. त्याच वर्षी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या गिरणी कामगारांना लागू होईल असा, औद्योगिक कामगारांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. महिना ५० रुपयांच्या आत मिळकत असलेला आणि मालमत्तेत तीन महिन्यांचा पगार मिळवूनही त्याहून जास्त देणे असलेला कामगार कोर्टात जाऊन आपले कर्ज वाजवी करून हप्ते बांधून मागू शकत होता. आपल्याकडे कर्जमाफीची चर्चा नेहमी शेतकऱ्यापुरती चालते. कामगाराचे कर्जही कायद्याने वळणावर आणायचा प्रयत्न नागपुरात झाला होता, हे आपण विसरलो.

आता पुन्हा आईच्या वहीकडे. १९२२ सालच्या एका आण्याचे दशमान पद्धतीत सव्वासहा पैसे होतात. १९७९ मध्ये आमचा सावकार पाच पैसे घेत होता. सत्तावन्न वर्षांत, मधे १९४६ चा सावकारी नियंत्रणाचा कायदा होऊनही, लालबागच्या गल्लीत व्याज सव्वा पैशाने उतरले होते.

कर्ज झाले होते १९७३-७४ च्या संपात आणि मग वडिलांच्या छातीच्या दुखण्यात. त्यांचा पगार तेव्हा पाचशेच्या आतबाहेर. आई सहा जणांची खानावळ चालवायची. व्याजाचे शंभर रुपये महिन्याला जात होते, पण हे कुणाला ठाऊक नव्हते, कारण ‘सावकाराला दिले’ एवढेच सगळे म्हणत. आईने वहीत ‘व्याज’ असा वेगळा रकाना आखला. तेल, साखर, रॉकेल आणि त्यांच्या शेजारी व्याज. चौथी शिकलेल्या बाईने शिरास साहेबांपेक्षा हे एक पाऊल पुढे टाकले होते, असे मी म्हटले तर ती मुलाची माया म्हणून सोडून द्या.

तिने पाटल्या विकल्या. गहाण ठेवल्या नाहीत, विकल्या. सातशे रुपये आले ते सावकाराला. मुद्दल हप्त्याने घ्यायला तो तयार नव्हता, सगळे एकदम आणा म्हणाला. मुद्दल घटले की त्याचेच नुकसान. चाळीतल्या युनियनच्या दोघांना घेऊन ती पुन्हा गेली, तेव्हा कबूल झाला. उरलेल्या ११०० वर महिन्याला १२५. बारा हप्ते, प्रत्येकासमोर त्याची सही. वाण्याला तिने सांगितले, जुने देणे महिन्याला वीसने फेडीन, नवे सगळे रोखीने. वाणी रागावला, आठवडाभर बोलला नाही. रोखीचे बिल आठ दिवसांचे येऊ लागले तेव्हा कळले की आधी साखर महिन्याला दीड किलो जास्त लिहिली जात होती. ती आम्ही खाल्ली होती की नाही, हे आता सांगता येत नाही. आईने त्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह काढले आहे.

वडिलांच्या नावाचा खर्च मी मुद्दाम शोधला. तंबाखू, चहा, भजनी मंडळाची वर्गणी, गावी मनिऑर्डर. मनिऑर्डर सगळ्यांत मोठी, दर महिन्याला साठ. त्या दोन वर्षांत तंबाखूचा आकडा निम्म्यावर आला, चहाचा बंद झाला. मनिऑर्डर एकदाही चुकली नाही आणि आईनेही ती कमी केलेली नाही. गावी माझी आजी आणि दोन धाकटे काका होते. मी ज्याला खर्चिकपणा म्हणत होतो तो बहुतेक हाच होता. हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

खानावळवाल्या बायकांच्या कर्जाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहायला हवा. संपात त्यांनी गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि त्यापायी स्वतः देणेकरी झाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना घेऊन. पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकी दीड हजाराचे कर्ज मिळाले, एकमेकींच्या जामिनावर. सोने नाही, घर नाही, तरी बँकेने कर्ज दिले. माझ्या कागदावरचा आणा आणि पैशामधला तेरा महिन्यांचा फरक या बायकांनी प्रत्यक्षात आणला. आमच्या आईचा त्या मंडळाशी संबंध आला नाही. ती वस्ती आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होती.

सावकार फिटला १९८० च्या दिवाळीत. वाणी पुढच्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास. पतपेढीचे पगारातून कापले जात होते, तेही संपले. मावशीचे शेवटचे पन्नास रुपये १९८१ च्या डिसेंबरात दिल्याची नोंद आहे आणि त्याखाली आईने दोन रेघा मारल्या आहेत, दुकानदार मारतात तशा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. फेब्रुवारीच्या पानावर गिरणीचा पगार या ओळीपुढे काही नाही. खानावळीतले चौघे गावी निघून गेले, उरलेल्या दोघांच्या नावापुढे ‘नंतर’ लिहिले आहे. आधी फिटलेल्या कर्जामुळे आम्ही शेजाऱ्यांपेक्षा तीन महिने जास्त तग धरला, असे वहीवरून दिसते. एप्रिलपर्यंत रोखीने खरेदी आहे, मापे मात्र लहान होत गेलेली. मेच्या पहिल्या आठवड्यात निळ्या शाईऐवजी पेन्सिलीने एक ओळ आहे : वाणी, उधार, २२ रुपये. त्यानंतरची पाने कोरी आहेत.